रेन्नुच्या घराचं वजन

हे कुणाला पटणार नाही, आणि पटू नये अशीच माझी इच्छा आहे. लगेच पटण्यासारखं असेल ते सांगायला मी कशाला लागतो, ते मशिदीच्या भोंग्यावरून सांगतात की. आमच्या सालोबुलो गावात माझा शब्द खरा मानतात त्या फक्त कोंबड्या. मी 'या' म्हटलं की येतात. माणसं आधी माझ्या तोंडाकडे बघतात, मग माझ्या बायकोच्या तोंडाकडे, आणि तिने तोंड वाकडं केलं नाही तरच पुढचं ऐकतात. तर असो. तुम्ही ऐका.

परवा रुस्ली मक्याची पोती न्यायला ट्रक घेऊन आला. पोती भरून झाली आणि कोठाराच्या पुढच्या उतारावर ट्रकची मागची चाकं चिखलात बसली. त्याने इंजिनाला शिव्या घातल्या, चाकांना घातल्या, शेवटी मक्याला घातल्या आणि ट्रॅक्टर येईपर्यंत माझ्या घराखाली सावलीत येऊन बसला. आमची घरं उंच खांबांवर, म्हणून दिवसा आम्ही सगळे घराखालीच असतो. वर चढायचं ते झोपायला नाहीतर भांडायला.

बाकाच्या दुसऱ्या टोकाला रेन्नु बसली होती, रेशमाचं सूत रिळावर गुंडाळत. रेन्नु माझ्याहून मोठी. म्हणून मी तिला दाएंग म्हणतो, मोठ्या बहिणीला म्हणावं तसं, आणि ती मला मेल्या म्हणते. दोघांचीही सवय जुनी आहे.

"काय जड झालाय ट्रक!" रुस्ली कपाळ पुसत म्हणाला. "दहा माणसं लावली तरी हलेना."

"जड?" मी म्हटलं. "अरे, तू जड बघितलंयस कुठे? पोती जड असतात ती पोत्यांतल्या मक्यामुळे. मी एक घर बघितलंय, त्याला जायचं नव्हतं म्हणून ते जड झालं."

"झालं सुरू," रेन्नु सुताकडे बघतच म्हणाली.

"बघ, या बाईचंच घर. खोटं असेल तर ती सांगेल."

"सांगेन की. तू आधी बोल तर खरा."

मग मी सांगायला बसलो. रुस्लीला कॉफी दिली, कारण हातात गरम पेला असताना माणूस मध्येच उठून जात नाही.

रेन्नु आणि लेब्बी या सख्ख्या बहिणी. दोघींचे नवरे लवकर गेले. आईबापांच्या जागेत दोघींची घरं समोरासमोर, मध्ये कोंबड्या आणि एक लिंबाचं झाड. दोघींचे माग आपापल्या घराखाली, तेही समोरासमोर. सकाळी एकीच्या मागाची पट्टी वाजली, टक्, की समोरून दुसरीची, टक्. दिवसभर असं. गावात कुणाला घड्याळ लागत नसे. टकटक थांबली की समजावं, जेवायची वेळ झाली. टकटक एकाच बाजूने यायला लागली की समजावं, भांडण झालं.

तर पुआंग पलागुनाच्या मुलीचं लग्न ठरलं. पुआंग पलागुना म्हणजे आमच्यात घरांचा जाणता माणूस. घर कुठे बांधायचं, शिडी कुठल्या दिशेला उतरवायची, घर उचलून न्यायचं तर कधी, हे सगळं तो सांगायचा. त्याच्या घरचं लग्न म्हणजे सगळ्या बायका नवीन रेशमी लुंग्या नेसणार. रेन्नुने गुपचूप एक रंग केला. हिरवा...

"हिरवा नव्हता, शेवाळी," रेन्नु म्हणाली.

...शेवाळी, आणि त्यात बारीक केशरी रेघांची चौकट. असलं लुंगीचं कापड आमच्या तळ्याच्या काठी कुणी पाहिलं नव्हतं. ती काम झालं की मागावर चटई टाकून ठेवायची. लग्नाच्या दिवशी नेसून निघाली, ती अशी मान ताठ करून की नारळाच्या झाडांनी वाट द्यावी. आणि मांडवात शिरते तो काय, समोर लेब्बी. तीच शेवाळी लुंगी, तीच केशरी चौकट. वर ती आधी पोचलेली! बायका तिच्याभोवती जमलेल्या, कापड चिमटीत धरून बघतायत. रेन्नु आत आली तर एक बाई म्हणाली, "अगंबाई, तूपण लेब्बीकडून शिकलीस वाटतं!"

"ती कोंबड्यांवाली ताहेरा," रेन्नु म्हणाली. "अजून लक्षात आहे माझ्या."

मग जे झालं ते मांडवातल्या सगळ्यांनी ऐकलं. नवरा-नवरीकडे कुणाचं लक्ष राहिलं नाही.

"माझी चौकट चोरलीस!"

"चोरली कसली, दाएंग? तू रोज माझ्या नाकासमोर बसून विणतेस. डोळे काय मी पेटीत ठेवू?"

"चटई टाकायचे मी वरून!"

"वाऱ्याने उडायची. मी तरी काय करू, वाऱ्याला सांगू?"

"मग मीच जाते, तुझे डोळे पोचणार नाहीत तिथे!"

"जा ना! खांब का जमिनीत पुरलेत तुझे?"

बोलून गेली बिचारी. आमच्याकडे खांब जमिनीत पुरत नाहीत, दगडांवर ठेवतात. दुसऱ्या गावात बाई रागावून 'जाते' म्हणाली तर बोचकं बांधते, चार दिवस भावाकडे राहते आणि परत येते. आमच्याकडची बाई 'जाते' म्हणाली तर घरासकट जाते. गावातले पुरुष घराला बांबू बांधतात, खांद्यावर उचलतात आणि ती सांगेल तिथे नेऊन ठेवतात. गेलेलं घर काही चार दिवसांनी परत येत नाही.

रेन्नु तिथूनच पुआंग पलागुनाकडे गेली. तो मुलीला निरोप देण्याच्या गडबडीत, आणि ही म्हणते, "पुआंग, माझं घर हलवायचंय. माझ्या नवऱ्याची जागा आहे, कोठाराच्या वळणापलीकडे, चिंचेजवळ. तिथून आमचं अंगण दिसत नाही." त्याने समजावून पाहिलं. तिने ऐकलं नाही. झालं. मशिदीच्या भोंग्यावरून सांगितलं गेलं, येत्या शुक्रवारी जुम्म्याची नमाज झाली की सगळ्यांनी यावं, रेन्नुचं घर न्यायचंय.

त्या आठवड्यात लेब्बीचा माग बंद होता. एका संध्याकाळी ती माझ्याकडे आली, इथेच, तू बसलायस तिथे बसली. म्हणाली, "साक्का, ती वळणापलीकडे गेली तर मला तिचा माग ऐकूही येणार नाही रे. मी सकाळी उठून कुणाकडे बघू? भांडू कुणाशी?"

मी म्हटलं, "जाऊन माफी माग."

"गेले होते. तिने शिडी वर ओढून घेतली."

"मग पुन्हा जा."

"आता लाज वाटते," ती म्हणाली. मग आणखीही काही बोलली. ते माझ्या आता लक्षात नाही.

"नाही ना?" रेन्नुने विचारलं.

"वय झालं, दाएंग," मी म्हटलं आणि रुस्लीच्या पेल्यात कॉफी ओतली.

शुक्रवार आला. नमाज आटोपून सगळे पुरुष टोप्या घातलेलेच तिच्या अंगणात. खालून खांबांना आडवेउभे बांबू बांधले. घराच्या मधोमध जो खांब असतो, त्याला आम्ही घराची नाभी म्हणतो. त्याला पांढरं कापड गुंडाळलं, केळ्यांचा घड आणि ताडाच्या गुळाची ढेप टांगली. पुआंग पलागुनाने खांबाला तोंड लावून सांगितलं की बाबा, आता आपल्याला अमुक जागी जायचंय, घाबरू नकोस. हे सांगावं लागतं. तुला कुणी झोपेतून उचलून न विचारता दुसरीकडे नेऊन ठेवलं तर चालेल?

एवढं झालं तरी रेन्नु घरातून खाली उतरेना. पुआंग म्हणाला, "बाई, उतर." ही वरून म्हणते, "मी उतरले तर तुम्ही माझी भांडी फोडाल." खरं कारण निराळं होतं. खाली अंगणात लेब्बी उभी होती, डोळे सुजलेले, आणि हिला तिच्या जवळून जायचं नव्हतं. शेवटी पुआंग म्हणाला, राहू दे, एका बाईचं ते काय वजन. नाभीच्या खांबाला टेकून बस म्हणाला, हलू नकोस.

घर उचलताना आमचा एक नियम असतो. उचलल्यापासून टेकवेपर्यंत 'जड' हा शब्द काढायचा नाही. घराला वाईट वाटतं. फारच जड झालं तर म्हणायचं, 'घराचं पोट भरलंय.' पुआंगने पत्र्याच्या डब्यावर काठी मारली, सगळ्यांनी आरोळी दिली, आणि उठलं की घर! शेवरीच्या कापसाची उशी उचलावी तसं. मी मागच्या रांगेत होतो. माझ्या शेजारी तोबो, जहाजावर नोकरी करून नुकताच परत आलेला. पुढच्या रांगेत तरणी मुलं, बैलांसारखी.

अंगणातून निघालो. चर ओलांडला. आणि कोठाराकडे वळायला लागलो तसं घर बदललं. एकेका पावलाला भारी. बांबू वाकले. खांबांची टोकं जमिनीला लागली, रुतली, नांगरासारखी माती उकरायला लागली. आता नीट ऐक. वळणावर एक जागा अशी आहे की तिथून आणखी एक पाऊल पुढे टाकलं की लेब्बीचं अंगण दिसेनासं होतं. बरोबर त्या जागी घर थांबलं. पुढे एक वीतही नाही.

आणि तोबो ओरडला, "आई गं, काय जड आहे!"

सगळे गप्प. कोंबडासुद्धा. जहाजावर राहून राहून गावचे नियम विसरला होता. पुआंगने डोळे असे फिरवले की तोबोची टोपी आपोआप खाली पडली.

"विसरलो, पुआंग!"

"मला काय सांगतोस? घराला सांग."

मग तोबोला नाभीच्या खांबापाशी नेलं. त्याने एक केळं सोलून खांबाला लावलं, म्हणाला, "चुकलो बाबा, तू काही जड नाहीस, बारीकच आहेस." पुआंगने डबा वाजवला. उचला! घर ढिम्म.

वरून खिडकीतून रेन्नुने डोकं काढलं. "काय रे, थांबलात का?"

"घराचं पोट भरलंय, दाएंग!" मी खालून ओरडलो.

"मी सकाळपासून उपाशी आहे, आणि त्याचं बरं भरलं!"

मग काय, शेजारच्या वस्तीतली माणसं बोलावली. त्यांच्याने होईना. तळ्यावरचे कोळी आले, जाळी टाकून. त्यांच्याने होईना. पुढून चार रेडे जुंपले. रेड्यांनी एकदा जोर लावला आणि खाली बसले, ते संध्याकाळपर्यंत उठले नाहीत. माझ्या मानेची शीर अशी फुगली होती की तिच्यावर कावळा बसेल. आणि घराचा मागचा उजवा खांब जमिनीत शिरत शिरत इतका खोल गेला की खालून पाणी आलं. ती विहीर अजून आहे. तुझा ट्रक रुतलाय ना, त्याच्या पलीकडे.

"ती विहीर सरकारने खणलीय," रुस्ली म्हणाला. "वर पाटी आहे."

"पाटी सरकारची. पाणी घराचं."

रुस्ली हसला. ट्रॅक्टर आल्याचा आवाज झाला, पण तो उठला नाही. माझा ऐकणारा असाच असावा.

शेवटी पुआंग पलागुना घरासमोर जमिनीवर मांडी घालून बसला. विड्या ओढून झाल्या, विचार करून झाला. मग घराला म्हणाला, "तुला कुठे जायचंय ते तरी सांग." घर करकरलं. मी कानाने ऐकलं. पुआंग उठला, म्हणाला, "जरा मागे घेऊन बघू. हातभरच."

आम्ही तोंडं फिरवली. डब्यावर काठी पडली. आणि सांगतो तुला, उचललं आणि हातात काही नाहीच! रिकामी टोपली! घर स्वतःच निघालं आणि आम्ही त्याच्या खाली धावायला लागलो. जे पुढे होते ते ओढत नव्हते, अडवत होते. कोंबड्या बाजूला उडाल्या. चर आला. कुणी उडी मारली नाही, घरानेच मारली, आम्ही त्याला धरलेले म्हणून पलीकडे गेलो. पाय जमिनीला नाहीत.

"उडालं म्हणतोस?" रुस्लीने विचारलं.

"उडालं म्हणजे कोंबडी उडते एवढंच. घारीसारखं म्हटलं असतं तर खोटं झालं असतं."

आणि घर थांबायला तयार नाही. जुन्या दगडांपाशी आलं तर थांबावं की नाही? नाही थांबलं. दगड मागे टाकून, लिंबाच्या झाडाला वळसा घालून पुढे गेलं आणि लेब्बीच्या घराच्या इतकं जवळ जाऊन बसलं की दोन्ही शिड्यांच्या पायथ्याच्या फळ्या एकमेकींना टेकल्या. आम्ही घामाघूम होऊन खाली पडलो. आत चुलीवरची किटली, तिच्यातलं पाणी थेंबभर सांडलं नव्हतं. वर ती उकळत होती.

लेब्बी सगळ्यांसाठी कॉफी घेऊन फिरली. मग एक पेला घेऊन रेन्नुच्या शिडीवर चढली. आम्ही सगळे खाली पडल्या पडल्या कान देऊन ऐकत होतो.

"दाएंग," लेब्बी म्हणाली, "घरच जायला तयार नाही. मी काय करू?"

आतून कॉफीचा घोट घेतल्याचा आवाज आला. मग रेन्नु म्हणाली, "गूळ कमी घातलायस."

"आणते."

"राहू दे. बस." आणि जरा वेळाने, "ते केशरी सूत कुठून मिळालं तुला? माझं आजपर्यंत दोनदा विटलं."

दुसऱ्या दिवशी सकाळी दोन्ही माग वाजले. शिड्या आजही टेकलेल्याच आहेत. एकीच्या घरातलं मांजर दुसरीच्या घरात जातं आणि तिला कळतही नाही की घर बदललं. पुआंग पलागुना मरेपर्यंत सांगायचा, की इतकी घरं वाहिली, पण मनातलं बोलणारं घर एकच बघितलं. आणि मी ते घर खांद्यावर घेतलेलं आहे, रुस्ली. या खांद्यावर. हात लावून बघ, अजून खळगा आहे. तेव्हा चिखलात बसलेल्या ट्रकला माझ्यासमोर जड म्हणू नकोस.

रुस्लीने माझ्या खांद्याकडे बघितलं. मग तो रेन्नुकडे वळला. "काय हो दाएंग, खरं का हे? घर खरंच जड झालं होतं?"

रेन्नुने रीळ मांडीवर ठेवलं.

"मी वर होते," ती म्हणाली. "नाभीच्या खांबाला टेकून. आमची जमीन बांबूच्या पट्ट्यांची, दोन पट्ट्यांमध्ये बोट जाईल एवढी फट. खालचं सगळं दिसतं. पुढची पोरं बिचारी घामाने निथळत होती. आणि मागच्या रांगेत हा मेला. खांदा? खांदा लागलेलाच नव्हता कुठे. दोन्ही हातांनी बांबूला लटकलेला, पाय वर घेऊन, वटवाघळासारखा. शेजारी तो तोबो, तसाच. सगळी मागची रांग तशीच लोंबकळलेली. आणि लेब्बी वाकून यांच्यातून फिरतेय, ओठांवर बोट ठेवून, एकेकाला खूण करत, की अजून जरा, अजून जरा."

रुस्ली माझ्याकडे बघायला लागला. मी कोंबड्यांकडे बघायला लागलो.

"तुला दिसत होतं?" मी म्हटलं. इतक्या वर्षांत हे मला ठाऊक नव्हतं. "मग दाएंग, तू वरून ओरडली का नाहीस?"

"ओरडले असते तर तुम्ही उचललं असतं ना, खोटारड्या!"